बोळकीचा पहिला दात

४ मार्च, मंगळवार

दिसला!!! खालचा, मधला, उजवीकडचा. पूर्ण आलेला नाही, हिरडीतून नुसती पांढरी कड वर आलीय. सकाळी ओल्या फडक्यानं हिरड्या पुसत होते तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. म्हटलं बिस्किटाचा कण असेल. कण कसला! दोनदा पुसला तरी जागचा हलेना.

साडेअकरा महिन्यांची झाली. तोंडाचं नुसतं बोळकं, म्हणून आमची बोळकी. पाळणाघरातल्या तिच्या वयाच्या बाकी सगळ्यांना चार-चार, सहा-सहा दात. एकानं तर माझ्या मनगटावर शिक्काच मारून ठेवलाय. आणि ही आपली हिरड्या दाखवत हसत बसायची. आज तिला उचलून मी खोलीभर नाचले. ती खिदळली आणि शेजारच्या पाळण्यातला दचकून रडायला लागला.

पण सांगायचं कुणाला? कुणालाच नाही! मोठ्या बाईंचा नियम. पाळणाघर त्यांचं, नियमही त्यांचा, आणि तो पहिल्या दिवसापासूनचा. पहिलं पाऊल, पहिला शब्द, पहिला दात – यातलं आपण काहीही पाहिलेलं नसतं. ते आईबापांचं. पोरगं आमच्यासमोर चालायला लागलं तर आम्ही टाळ्या पिटत नाही, अलगद खाली बसवतो. संध्याकाळी एवढंच म्हणायचं, "हल्ली फार उभा राहतो हं, सुट्टीच्या दिवशी जरा लक्ष ठेवा." की सोमवारी आई धावतच येते – चालला! चालला! आणि आम्ही सगळ्याजणी, "अय्या, खरंच?"

एरवी मला हे नाटक झकास जमतं. पण आज पोट फुगलंय नुसतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून इथे लिहितेय. वहीला नियम लागू नाही.

५ मार्च, बुधवार

आई आली, घेऊन गेली. काही कळलं नाही तिला.

ती बस चालवते. डेपो आमच्या मागच्याच गल्लीत. सकाळी पावणेसहाला पोर हातात देते, दुपारी साडेतीनला न्यायला येते – शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, डोळे तांबारलेले. घरी या दोघीच, तिसरं कुणी नाही. चार वर्षं तिकिटं फाडली तेव्हा कुठे स्टिअरिंग हातात आलं. पहिल्या दिवशी मुद्दाम बस आमच्या खिडकीखालून नेली होती आणि हॉर्न वाजवून सगळी पोरं उठवली होती. असा राग आला होता मला! आणि कौतुकही वाटलं होतं.

तर गेल्या आठवड्यात दारात उभी राहून काय म्हणाली – "मावशी, पहिलं पाऊल हिनं तुमच्यासमोर टाकायचं, पहिला शब्द तुमच्यासमोर बोलायचा. मग मी कशाला आहे? दात तरी मला दिसू दे. तोही नाही दिसला ना, तर राजीनामा टाकते आणि बहिणीच्या दुकानात पाकिटं चिकटवत बसते. पोर तरी डोळ्यासमोर राहील."

हसत म्हणाली. पण ती चेष्टा नव्हती, हे मला कळतं.

७ मार्च, शुक्रवार

आज आडून आडून सुचवून पाहिलं.

मी – "अगं, घरी हिरड्या पुसतेस ना तिच्या? दूध पिऊन झालं की ओलं फडकं बोटाला गुंडाळायचं आणि फिरवायचं."

ती – "दातच नाहीत तर पुसू काय, कपाळ?"

मी मोठं भाषण दिलं. हिरड्या स्वच्छ हव्यात, तोंडात हात घालायची सवय लागली की पुढे ब्रशला पोर कटकट करत नाही, वगैरे. तिनं जांभई दिली. म्हणाली, "आधी रोज बघायचे हो मी. बोट घातलं की ही ओठ घट्ट मिटून घेते. रोज बघायचं आणि रोज हिरमुसायचं. आता सोडलंच. येतील तेव्हा चावेल की!"

आणि मग – "रात्री बाटली तोंडात दिली की पाच मिनिटांत गाढ. थोडी साखर घालते, म्हणजे कुरकुर नाही. बाटलीसकट झोपते, मीही झोपते."

साखर! झोपताना! रात्रभर! मी म्हटलं, "झोपताना बाटली नको गं देऊस, दात किडतात." तर म्हणते, "असले तर किडतील ना!"

बोळकीची टोपी नीट केली आणि दोघींना दारापर्यंत सोडलं.

१० मार्च, सोमवार

शनिवार गेला, रविवार गेला. मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेली, "अय्या" तयार ठेवून. आली, पोर दिली, "दोन जादा फेऱ्या आहेत आज" म्हणाली आणि पळाली.

दात आता चांगला तांदळाएवढा वर आलाय. आंधळी आहे का ही बाई?

नाही, असं म्हणू नये. पहाटे चारला उठते बिचारी.

१३ मार्च, गुरुवार

दुसरा आला!! पहिल्याला चिकटून. आता दोघांनाही मी मऊ ब्रश फिरवते, दुपारच्या दुधानंतर, पाठ दाराकडे करून. चोरी करतेय की दात घासतेय, माझं मलाच कळेना.

१७ मार्च, सोमवार

शुक्रवारी एक युक्ती केली होती. स्टीलचा चमचा गुपचूप तिच्या पिशवीत टाकला. दिसला की पाणी त्यानंच पाजेल, बाटलीनं नाही. म्हटलं, दाताला चमचा लागेल, टिक् वाजेल, कळेल. आज चमचा परत आला. म्हणे, "मावशी, हा तुमचा चमचा चुकून माझ्या पिशवीत आला होता."

कपाळावर हात मारला मी. मोठ्या बाई हसून हसून खुर्चीत बसल्या.

खरं लिहू का? मला हसू आलं नाही. नियम, नियम म्हणतेय मी, पण नियमाच्या आड लपलेय. तिला कळलं की दात इथे आला, आणि तिनं नोकरी सोडली, तर बोळकी उद्यापासून येणार नाही. तिच्या आईच्या आनंदापेक्षा मला ती न येण्याचीच भीती जास्त आहे. पाचव्या महिन्यापासून माझ्या खांद्यावर झोपतेय ती. झालं, लिहिलं एकदाचं.

२० मार्च, गुरुवार

दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दर तीन महिन्यांनी येतात. त्या आणि मी समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. पोराचं डोकं त्यांच्या मांडीवर, पाय माझ्या कमरेशी. एवढासा आरसा, एवढीशी बॅटरी. बाकीच्यांनी आकाशपाताळ एक केलं. बोळकी मात्र मजेत, "आ" करून हसत होती.

डॉक्टरीणबाईंनी नखानं खालच्या दाताच्या मुळाशी हलकेच खरवडलं. नखावर पिवळट चिकट काहीतरी आलं.

"मावशी, हे बघा. दिवसा कुणीतरी घासतंय, रात्री कुणी नाही. बाटली घेऊन झोपते का ही?"

मी मान हलवली.

"गोड दूध?"

परत मान हलवली.

"हे दोन अजून ठीक आहेत. पण वरची हिरडी सुजलीय, वरचे येतायत. बाटलीवाल्या पोरांचे वरचेच आधी किडतात, दोन वर्षांची व्हायच्या आत काळे पडतात. मग भूल देऊन काम करावं लागतं. दात दिसला त्या दिवसापासून रात्रीची बाटली बंद, आणि झोपण्याआधी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून घासायचे. आईला सांगितलंय ना दात आल्याचं?"

"सांगते," एवढंच म्हणाले.

सोळा रात्री. माझ्या गप्प राहण्यानं त्या पोरीच्या दातांवर सोळा रात्री साखर बसलीय. मी तिच्या आईचा आनंद जपत होते म्हणे! आग लागो असल्या जपण्याला.

मोठ्या बाईंना म्हटलं, मी नियम मोडणार. त्यांनी हातातलं दुपटं घडी घालून ठेवलं. मग म्हणाल्या, "मोड."

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं. चपलांच्या फळीपाशी, उभ्याउभ्याच. आधी बाटलीचं, साखरेचं, वरच्या हिरडीचं. मग दातांचं.

तिनं पोरीची हनुवटी धरली. बोळकी हसली – आणि दोन्ही दिसले. आई बघत राहिली.

"कधी?"

"चार तारखेला."

"आज एकवीस आहे! मावशी, रोज मी विचारते, काही नवीन? रोज तुम्ही म्हणता, काही नाही गं."

मी नियमाचं सांगायला लागले. तिनं हात वर केला.

"माझ्यासाठी केलंत, माहितेय. पण मी रोज रात्री तिला साखर पाजत होते आणि तुम्हाला ते माहीत होतं!"

गेली. दुपट्यांची पिशवी इथेच विसरली. मी ती पिशवी मांडीवर घेऊन रडले. लाज वाटली नाही.

२४ मार्च, सोमवार

दोघी आल्या नाहीत. फोनही नाही. पाळणा रिकामा. बाकीच्या पोरांवर दिवसभर उगाच खेकसले.

२५ मार्च, मंगळवार

पावणेसहाला दार वाजलं! बोळकी कडेवर, खिशात छोटासा पिवळा ब्रश.

"काल रजा टाकून हिला दवाखान्यात नेलं. बाटली बंद. पहिल्या रात्री अर्धा तास बोंबलली, दुसऱ्या रात्री दहा मिनिटं. घासताना मात्र हसते लबाड. सवय तुमचीच!"

मी घाबरत घाबरत विचारलं, "आणि नोकरी?"

"राजीनामा लिहिला होता शनिवारी. मग म्हटलं, घरी असते तरी मी कुठे फडकं फिरवणार होते? मला माहीतच नव्हतं. फाडून टाकला." मग बोट रोखलं माझ्यावर. "पण यापुढे जे दिसेल ते त्याच दिवशी सांगायचं. बस चालवत असले तर फोनवर बोलून ठेवा, शेवटच्या स्टॉपवर ऐकेन. मला तुमचं 'अय्या' नकोय."

"नाही म्हणणार," मी म्हटलं. इतकी हलकी झाले की मलाच हसू फुटलं. तीही हसली. राग पुरता गेलेला नाही, पण जाईल.

निघताना दारात वळली. "मावशी, तुमच्या मुलाचा पहिला दात कुणी पाहिला होता?"

"मीच की!" म्हटलं ऐटीत. माझा लेक याच खोलीत वाढला. मी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होते, आणि तो मोठ्या बाईंच्या मांडीवर. "रविवार होता. सोमवारी धावत येऊन इथे सगळ्यांना..."

मला त्या सगळ्यांचं 'अय्या, खरंच?' आठवलं. ती गेली. मी दार धरून उभी.

२६ मार्च, बुधवार

बाटल्या विसळताना मोठ्या बाईंना विचारलंच. त्यांनी नळ बंद केला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. एकतीस वर्षं झाली, पण आठवायला क्षणही लागला नाही त्यांना.

"बुधवार होता. खालचा, डावीकडचा. चार दिवस दम धरला गं मी, तू बघेपर्यंत."