लॅपटॉपला तीन कुलपं

ती. आत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि काका पथ्य खरंच पाळतात की नुसतं पाळतो म्हणून सांगतात, ते कळव. इकडे आम्ही बरे आहोत. बाबांनी फोनवर तुला जे सांगितलं त्यातलं बरंचसं त्यांच्या मनचं आहे. घडलं ते असं:

१. बाबांनी नवा लॅपटॉप आणला.
२. व्हायरसपासून राखायला एखादा फुकटचा अँटिव्हायरस बसवायचा ठरलं.
३. बाबांनी तीन बसवले.
४. तिघांनी एकमेकांना चोर ठरवलं.
५. त्या धामधुमीत बाबांच्या पुस्तकाची तीन प्रकरणं गेली.
६. माझ्या ऑफिसातला एक जण आला आणि त्याने ती परत मिळवून दिली.
७. त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून बाबा बेचैन आहेत.

आता सविस्तर. आयुष्यभर कुलपं बनवून तुझ्या भावाने दुकान बंद केलं आणि कुलपांवर पुस्तक लिहायला घेतलं. लॅपटॉप त्यासाठीच. तो आल्या दिवशीच मी सांगितलं, की त्यात राखणीची सोय मुळातच आहे, ती चालू आहे, फुकट आहे, वेळच्या वेळी अपडेट करत राहा म्हणजे घरच्या वापराला पुरे. मी रुग्णालयातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासते. या विषयावर माझं मत घ्यायला लोक मला पगार देतात. पण बाबांचा धंद्यातला नियम तुला माहीतच आहे: घरच्या माणसाने केलेलं कुलूप घराला लावायचं नाही, कारण करणाऱ्याला त्याची खोड ठाऊक असते. (म्हणूनच आपल्या दाराला तीन कुलपं आहेत आणि त्यातलं एकही बाबांच्या हातचं नाही.) "तू घरची," ते म्हणाले, आणि विषय संपला.

मग बाहेरच्यांची मतं गोळा झाली. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी एक सुचवला. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाने दुसरा. तिसरा औषधाच्या दुकानदाराने, कारण व्हायरस म्हटल्यावर तो त्याचाच प्रांत, असं बाबांचं म्हणणं. तिन्हींच्या अटी बाबांनी भिंग लावून वाचल्या. त्यांचा प्रश्न एकच होता: फुकट देतात, मग यांची चूल कशावर पेटते? मी सांगितलं, की कुणी जाहिराती दाखवतं, कुणी तुम्ही काय काय उघडता त्याची माहिती जमवतं, कुणी पैसे मोजून मिळणारा प्रकार घ्या म्हणून मागे लागतं. बाबा म्हणाले, "म्हणजे राखणदारच खिडकीतून डोकावणार." यावर कुणालाही वाटेल, की त्यांनी तिघांनाही काढून टाकलं असेल. त्यांनी तिघांनाही ठेवलं, एकमेकांवर नजर ठेवायला.

लॅपटॉप असा काही रखडत चालू लागला, की आई मधल्या वेळात कपडे वाळत घालून यायची. पहिल्याने दुसऱ्याला पकडलं, दुसऱ्याने पहिल्याला, आणि तिसरा दोघांविरुद्ध सारख्या तक्रारी करत बसला. दर तक्रारीखाली प्रश्न यायचा, की संशयित फाइल हलवू का? एक दिवस बाबा बाजारात गेले होते. आईने सगळ्याला हो म्हटलं. (का, असं मी विचारलं. "इतक्या अदबीने विचारतंय गं, नाही कसं म्हणायचं?") त्यात ती तीन प्रकरणं गेली. त्या फाइलींत संशयास्पद काय होतं ते त्या अँटिव्हायरसलाच ठाऊक. बाबा परत आल्यावर ओरडले नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहिले, हातात चष्मा धरून. ते मला बघवेना. मी हात लावू म्हटलं तर नियम आडवा आला. तेव्हा मी बाहेरचा माणूस बोलावला.

त्याला ऑफिसात सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण तो कुठलंही काम घाईने करत नाही. रविवारी आला तोही सावकाश. लॅपटॉपकडे न बघता आधी दारापाशी थांबला आणि मधल्या कुलपाबद्दल बाबांना काहीतरी विचारलं. बाबा बोलत सुटले. आई दोनदा चहा घेऊन दारात गेली. मग त्याने अडकवून ठेवलेली प्रकरणं शोधून सोडवली, तिघांना रीतसर निरोप दिला आणि बाबांना सांगितलं, की यात मुळातच सोय आहे, फुकट आहे, वेळच्या वेळी अपडेट करत राहा म्हणजे पुरे. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, बाहेरचा माणूस कसं मुद्द्याचं सांगतो!" वाक्य माझं होतं, शब्दसुद्धा बदललेले नव्हते. मी कप उचलून आत गेले.

त्यानंतर तो दर रविवारी लॅपटॉप तपासायला येतो. बाबा त्याला नवं प्रकरण वाचून दाखवतात, तो मध्येच चुका काढतो, आणि बाबा त्या मान्य करतात. (हे मी स्वतः पाहिलं, नाहीतर लिहिलं नसतं.) तो गेला, की मात्र तीनही कुलपं लावता लावता म्हणतात, "फुकट येतो म्हणजे याला काहीतरी हवंय." आई म्हणते, "चहा."

एकूण लॅपटॉप उत्तम चालतो आणि घरात शांतता आहे. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. लॅपटॉप पहिल्याच रविवारी ठीक झाला होता. त्यानंतर त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. ते त्याला माहीत आहे आणि मलाही.

ता. क. २. बाबांचा संशय बरोबर आहे. त्याला हवंय. मलाही हवंय. पण माझं मत बाबा धरणार नाहीत, कारण मी घरची. आईला विचारावं तर ती कशालाही हो म्हणते. तू लग्न होऊन बाहेर गेलीस, म्हणजे नियमाने बाहेरची, आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे ऐकणं भाग आहे. असं दुसरं कुणी मला सापडलं नाही. या रविवारी ये. त्याला नीट पारखून घे, आणि पसंत पडला तर बाबांशी तूच बोल. येतेस की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव.