फळीवरची वाटी

नागपूर,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

चि. यमुताईस, गिरिधरदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? रोहितच्या लग्नात तू खुर्चीत बसूनच अक्षता टाकल्यास, ते मी मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलं होतं. वसंतरावांचा मोतीबिंदू काढला का? रोहितची पाठ आता दुखत नाही ना? आणि सूनबाई मोनालीची तब्येत? दिवस भरत आले असतील. तिला म्हणावं, वजन उचलू नको.

माझं अक्षर ओळखलं असशील. शाळा तिसरीत सुटली. इतवारीच्या बाजारात लोकांच्या भांड्यांवर नावं कोरता कोरता शिकलो, म्हणून कागदावरही टोचूनच लिहितो. पत्र पाहून तुला वाटेल, म्हातारा गेला की काय. तसं काही नाही. आमच्याकडे विहंग बरा आहे, सूनबाई मिनल बरी आहे, नात गार्गी सहावीत गेली. मधले चार दिवस घरात कुत्र्याचं पिल्लू आजारी होतं, एवढंच.

तुला हसू येईल, कुत्र्याच्या पिल्लासाठी कोणी पत्र लिहितं का. पण ऐक.

गार्गीने मैत्रिणीकडून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं बुंदी. दूध देऊ नका, असं डॉक्टरच्या कागदावर लिहिलं होतं. मी म्हटलं, दुधाशिवाय लेकरू असतं का? सगळे बाहेर गेले की मी वाटीभर दूध-पोळी कुस्करून घालायचो. दुसऱ्याच दिवशी तिचं पोट सुटलं. पाण्यासारखं, आणि वास असा की मिनलने दाराला पडदा लावला. वर्तमानपत्रं अंथरून अंथरून रद्दी संपली.

मग मी माझा जुना कायदा लावला. पोट रिकामं, पाणी बंद. तिचा वाडगा उचलून फ्रिजवर ठेवला. ती खाली बसून त्या वाडग्याकडे बघायची. गार्गी रडली, तिला मी दटावलं. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात सापडली, ओल्या कापसाने पिल्लाच्या तोंडात पाणी पिळत होती. मी म्हणालो, "तूच मारशील तिले."

तिसऱ्या दिवशी बुंदी उठेना. विहंगने स्कूटर काढली, मी मागे, मांडीवर टॉवेलात ती. गार्गी हट्टाने पुढे उभी. रामदासपेठेत जनावरांची डॉक्टर आहे, करिष्मा नावाची, तरुण पोरगी. तिने पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी कणकेसारखी तशीच उभी राहिली. हिरड्यांना बोट लावून पाहिलं, कोरड्या. सलाईन दिलं, शी तपासली, जंताचं औषध लिहिलं. मोठा रोग नव्हता. दूध पचलं नाही, एवढंच होतं. मग माझ्याकडे वळली.

"आजोबा, पाणी काहून बंद केलं?"

मी म्हणालो, "जुलाबात पाणी देत नाहीत."

"जुलाबात पाणीच तर जाते अंगातलं. ते भरून नको द्यायला? मधातल्या दिवसांत कोणी पाजलं काय हिले?"

गार्गी माझ्या मागे लपली होती. तिथूनच म्हणाली, "मी. थोडंसं. चोरून."

"म्हणून वाचली," डॉक्टर म्हणाली, आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

यमुताई, मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. विहंगला वाटलं मला चक्कर आली.

बुंदी आता बरी आहे. घोट घोट पाणी, मऊ भात, उकडलेलं कोहळं. काल माझी चप्पल चावली. एक मुकं जनावर चार दिवसांत उठून बसतं, आणि तुझी अबोली बेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या घरात उठली नाही.

तिच्या चांदीच्या वाटीवर नाव मीच कोरलं होतं. आठ महिन्यांची पोर घेऊन तू माझ्याकडे आली होतीस. तिला जुलाब लागले तेव्हा ती वाटी मी फळीवर ठेवली. ती त्या वाटीकडे हात करायची. तू माझे पाय धरलेस. मग मी दुकानात गेलो असताना तू दोन चमचे पाजलेस, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून संध्याकाळी मला सांगितलंस.

पोर गेल्यावर तुझ्या सासूबाई आल्या, अंगणात उभं राहून विचारलं, कसं झालं. तू बोलायच्या आत मी बोललो. "हिनं चोरून पाणी पाजलं."

लोक म्हणतील, तेव्हा सगळेच तसं करत. ते खरं आहे. पण मी ते अज्ञानाने बोललो नाही. पोर माझ्या घरात गेली होती, आता सगळे माझ्याकडे बघतील, या भीतीने बोललो. आणि एकदा बोललो ते खरं राहावं म्हणून जन्मभर झटलो. रेडिओवर मीठ-साखरेच्या पाण्याचं सांगायला लागले की मी रेडिओ बंद करायचो. विहंगच्या वेळीही घरात हाच कायदा. तो जगला, म्हणजे त्याच्या आईने मला न कळू देता पाजलंच असणार. त्या बिचारीने मला कधी सांगितलं नाही. तुझं काय झालं ते तिने पाहिलं होतं.

मोनालीच्या डोहाळजेवणाहून मिनल परत आली आणि हसत हसत सांगत होती. वसंतराव म्हणे पंगतीत तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाळाचं दूध-पाणी मोनालीच पाहील. हिच्या हाती वाटी द्यायची नाही." आणि तू विडे वाटत राहिलीस. मी ते ऐकलं, आणि जेवायला बसलो. दोन वेळा भात घेतला.

वसंतरावांना वेगळं पत्र लिहून काल टाकलं. त्यात सगळं आहे, फळीसकट. रोहितने ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं, मोनालीनेही ऐकावं, असं लिहिलं आहे. तुला विचारलं नाही. तेव्हाही विचारलं नव्हतं. बैल गेला अन् झोपा केला, हे मला कळतं. तुझ्या सासूबाई तर तेच मनात धरून गेल्या. त्यांच्यापर्यंत मी कुठून पोचू?

ती वाटी माझ्या पेटीत आहे. पाठवायची हिंमत नाही आणि मोडीत घालायची नियत नाही. तू सांगशील ते करीन.

गार्गीला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ बुंदीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग विचारलं, "यमुआजी काय म्हणाल्या तुम्हाला?" मी म्हटलं, अजून विचारलं नाही. आता ती रोज शाळेतून आली की पोस्टमन आला होता का विचारते. म्हणून लवकर लिही. शिव्या लिहिल्यास तरी तिला वाचून दाखवीन, एक शब्द गाळणार नाही.

गिरिधर

(वर सवयीने 'दादा' लिहून गेलो. इथे लिहिलं नाही. तुला वाटलं तर तू लिही.)