सुतभर जागा

गोरेगाव

आदरणीय नीलाआत्या, सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता कुरुंद्याच्या बाजारापर्यंत चालू देतो का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. आणि धम्मादादाच्या लेकराला अजून नाव नाही.

त्याचे कारण तुम्हाला उलटे सांगतील, म्हणून आधीच लिहिते. दादाने भर थंडीत पाळण्यासाठी भंगारातून लोखंडी दांडी आणली, एका टोकाला जाड, दुसऱ्याला निम्मी बारीक, आणि दोन्ही टोके भिंतींत सिमेंटने पक्की केली. आता उन्हाळा. लोखंड तापले की वाढणार. वाढायला जागा नाही, म्हणून भिंतींना रेटणार. मी गणित केले (तीनदा, कारण उत्तर मलाच पटेना): रेटा अडतीस क्विंटल! शिवाय टोक निम्मे बारीक म्हणजे तिथले क्षेत्रफळ पाव, म्हणून ताण जाड टोकाच्या दुप्पट नाही, चौपट. मी एवढेच म्हटले, एका टोकाला सुतभर जागा सोडा. दादा म्हणाला, "लोखंड काय लेकरू हाय का, उन्हात किरकिर करायला? काहून भिऊन राहिली?" मग उदार होऊन, "बरं, दांडी आखूड करू." आत्या, लांबीचा रेट्याशी संबंधच नाही! तसे सांगितले तर वहिनी म्हणते, "आमच्या नणंदबाईच्या भांडणालाबी लांबीचं बंधन न्हाई." सगळे हसले.

म्हणून मी जाहीर केले आहे, जागा सोडल्याशिवाय बाळाच्या कानात नाव सांगणार नाही. बाळाची आत्या मी, बारशाला पाठीत धपाटे खायचे मी, आणि दांडीबद्दल बोलायचे नाही? सध्या त्याला सगळे 'बारक्या' म्हणतात. तेच चिकटले तर? पण शाळेआधी चुलीपुढे बसवून तुम्हीच शिकवलेत, उत्तर बरोबर असेल तर कोणी हसले म्हणून पुसायचे नाही. मी पुसलेले नाही.

तुमची,
दीक्षा

ता. क. रविवारी दादा जीप घेऊन येईल, माझ्याऐवजी तुमच्याकडून नाव ठेवून घ्यायला. कृपा करून त्या दिवशी गुडघा दुखू द्या.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना धप्पकन आवाज झाला. दांडी जशीच्या तशी आहे. भिंतीचा टोपलीभर गिलावा जेवत्या दादाच्या ताटात आहे. 'भिंती हलत नाहीत असे समजा' असे पुस्तकात होते, ते मी तपासलेच नव्हते. आपल्या घरात भिंती हलतात, माणसे हलत नाहीत. दादा म्हणतो, "घे, झाली तुझी जागा." झाली खरी, त्यामुळे नाव मलाच सांगावे लागणार. पाळणा आता अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगायचे ठरले आहे. फांदीसुद्धा टोकाकडे बारीक होत जाते. मी अजून काही बोललेले नाही. गुडघ्याचे राहू द्या, तुम्ही शनिवारीच या.