वेझीचा स्वेटर

कावुंडू, 1 जुलै

प्रिय एनेसताई,

सलाम. तू बरी असशील तर मी बरा. गुडघे सोडले तर बराच म्हणायचा.

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. मिनिबसवाल्याने पुडा उघडून हात मारलाय, हे बांधणीवरूनच कळलं. विचारलं तर म्हणतो, "पाळकबाबा, तळ्यातली मासळीच हल्ली लहान झालीय, त्याला मी काय करू?" मी सोडून दिलं. आताशा मी बरंच सोडून देतो.

इकडे डोंगरावर जून-जुलैच्या थंडीने कहर केलाय. दिवसभर भुरभुर पाऊस, आणि तुरुंगातली माणसं पांढऱ्या सुती कपड्यांत भिंतीला चिकटून बसलेली. बावीस वर्षं झाली मला दर रविवारी तिथे जाऊन. फाटकावरचा शिपाई अजून माझं बायबल उलटं धरून झटकतो. म्हणतो, "देवाच्या शब्दाचा संशय नाही बाबा, तुमचा आहे." त्याचंही चूक नाही. गेल्या वर्षी चर्चच्या मंडळीने पातळ कागदाची गीतपुस्तकं पाठवली होती, त्यातली निम्मी पोरांनी तंबाखू गुंडाळून ओढली. मी रागावलो तर एक म्हणाला, "धूर वरच जातो ना बाबा? मग पोचलं की." सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन जोड्यांसकट आडवा झालो. दमलोय ताई. प्रार्थनेला कंटाळलो नाही, पण दुसऱ्याला धीर देण्याचा आता शीण येतो.

हे पत्र सुनेकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच.

चर्चचं छप्पर गळतंय. शेळी व्यायली, दोन पिल्लं, एक लंगडं. किती वेळ शेळीबद्दल लिहू? लिहायचं ते असं आहे की सुझगो म्होने सुटतोय.

आठ वर्षांत हे नाव तू तोंडातून काढलं नाहीस, आणि मीही तुझ्यासमोर कधी काढलं नाही. फाटक्या जाळ्यावरून भांडण, दोघंही प्यायलेले, त्याने वेझीच्या डोक्यात वल्हं घातलं. बारा वर्षांची शिक्षा होती. सहा जुलैला स्वातंत्र्यदिनाची माफी जाहीर होईल, तिच्या यादीत त्याचं नाव आहे. मला त्याचा राग नव्हता असं समजू नकोस. मी वेझीचा मामा आहे. पहिली तीन वर्षं मी त्याच्या कोठडीवरून मान फिरवून जायचो, हातात बायबल असताना.

पाच वर्षांपूर्वी तू एक गाठोडं पाठवलं होतंस. त्यात वेझीसाठी विणलेला निळा स्वेटर होता आणि चिठ्ठी होती: "कुडकुडणाऱ्या कुणालाही दे. त्या एकाला तेवढा देऊ नकोस." चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे.

ताई, मी तो त्या एकालाच दिला.

त्या आठवड्यात त्याने अन्न सोडलं होतं. छातीत खोकला, तोंड भिंतीकडे. त्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या घरचे तोंड लपवून तळ्यापलीकडे निघून गेलेत हे तुला ठाऊक आहे. कोठडीचा मुकादम मला म्हणाला, "बाबा, हा पुढचा रविवार बघत नाही. जाऊ द्या, तेवढीच झोपायला जागा होईल." मी स्वेटर त्याच्या अंगात घातला. त्याने विचारलं, "कोणी दिला?" मंडळीने दिला म्हणालो असतो तर भागलं असतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "वेझीच्या आईने."

तो बाहीवरून बोट फिरवत राहिला. त्या दुपारी त्याने मक्याच्या न्सिमाचा अख्खा गोळा खाल्ला, नुसत्या तुरीच्या पाण्याबरोबर. आणि मी काय केलं असेल? पुढच्या रविवारी चर्चच्या व्यासपीठावरून साक्ष दिली, बहिणीने मुलाच्या मारेकऱ्याला क्षमा केली म्हणून. तुझं नाव घेतलं नाही. बायका रडल्या.

मग दर रविवारी त्याचं ठरलेलं, "आई कशा आहेत?" आणि माझं ठरलेलं, "बऱ्या आहेत, तुझी चौकशी करतात." एकदा मी म्हणालो की तू त्याला सुतारकाम शिकायला सांगितलंयस. तो शिकला. आता तुरुंगातले सगळे बाक त्याच्या हातचे आहेत. तुला हिवताप झाला तेव्हा त्याने तीन दिवस उपास केला होता.

मी पाच वर्षांत तुझ्याकडे का आलो नाही, हे तू दोनदा विचारलंस. मी गुडघ्यांचं सांगितलं. तेव्हा गुडघे चांगले होते. तुझ्या डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती.

माणूस सुटायच्या आधी मी काय करतो ते तू जाणतेस. गावप्रमुखाला घेऊन दुखावलेल्या घरी जायचं, चटईवर बसायचं आणि विचारायचं, "जेवायच्या आधी त्याच्या हातांवर पाणी घालाल का?" घातलं तर तो गावात राहू शकतो. किती घरांत विचारलं असेल. कित्येकांनी नाही म्हटलं, आणि ते 'नाही' मी तसंच उचलून तुरुंगात आणलं, एक शब्द न बदलता. एका तुझ्याच घरी विचारायला गेलो नाही. त्याला वाटत होतं तुझा होकार कधीच आलाय.

काल त्याला खरं सांगितलं. सुतारशाळेत तो रंधा मारत होता. ऐकून रंधा बाजूला ठेवला.

"मग पाच वर्षं मी कशावर जगलो?"

"माझ्या खोटेपणावर."

"बाबा, मी एकदा त्यांच्या घरातलं माणूस नेलं. तुम्ही दर रविवारी काहीतरी नेत होतात."

त्याने स्वेटर काढला, बाह्या आत घेऊन घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "त्यांचा आहे. परत करा." त्या गारठ्यात, नुसत्या सदऱ्यावर. मी माझा कोट पुढे केला तर म्हणाला, "नको. तुमच्याकडून आता काही घ्यायची भीती वाटते." मला वाटलं, आता तो पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण निघताना त्याने हाक मारली. "मी गावी जाणार. हाकलायचं तर त्यांना हाकलू दे. त्यांना अजून कोणी विचारलंच कुठे?"

स्वेटर या पत्रासोबत पाठवतोय. धुतलेला नाही. कोपराला ठिगळ आहे, ते त्याने स्वतः लावलंय. टाके वाकडे आहेत.

सात तारखेला, उपासनेनंतरच्या बसने तो येईल. त्याच बसने मीही येतोय, माझ्या शेजारी मात्र बसणार नाही म्हणालाय. तुझ्या अंगणात आम्ही पाऊल टाकणार नाही. प्रमुखाच्या दारच्या आंब्याखाली बसू, दोघं दोन बाजूंना. माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस, आणि देवासाठी म्हणूनही नको, त्याच्या नावाने मी आधीच पुष्कळ खपवलंय. नाही म्हणालीस तर तुझं 'नाही' मी मंडळीसमोर उभा राहून सांगेन, त्याच व्यासपीठावरून. आलीस आणि हातात पाण्याचं भांडं असलं, तर कोणाच्या हातांवर घालायचं, त्याच्या, माझ्या की कोणाच्याच नाही, ते तुझं तू ठरव. आधी माझ्याकडे येऊ नकोस एवढंच मागतो. तो जास्त दिवस थांबलाय.

वर लिहिलंय, तू बरी असशील तर मी बरा. ते सवयीने लिहिलं होतं. आता पुन्हा वाचलं आणि तसंच राहू दिलं.

तुला न विचारता तुझी क्षमा वाटत फिरलेला,
तुझा धाकटा भाऊ
लेवी