स्पीकरमधील अक्षता

शुक्रवार, सायंकाळ. मलकापूर.

जुने स्पीकर खरखरतात म्हणून मुलगा म्हणे, "बाबा, भंगारात द्या, नवे घेऊ." मी हट्टाने ते सलीमभाईंकडे दुरुस्तीस नेले. त्यांनी खोके उघडले, तर आत तांदूळ! दर दसऱ्याला पूजेत मीच वाहिलेल्या अक्षता, पुढच्या छिद्रातून आत गेलेल्या.

"काकाजी, याले जेवू घालून राह्यले का?" ते हळूच हसले. मला मान वर करवेना.

तेवढ्यात मुलगा आला. "काय बिघडलं होतं, भाई?"

"काई नाई, तार ढिली होती," असे म्हणून सलीमभाईंनी तांदूळ मुठीत झाकले.

स्पीकर आता स्वच्छ वाजतात. मुलाला खरे सांगावे काय? सांगेन. परंतु आधी सलीमभाईंचे आभार मानले पाहिजेत. आज संकोचाने ते राहूनच गेले.