घरची काडी

३ फेब्रुवारी
पोचली एकदाची! वरोऱ्याहून तीन गाड्या बदलल्या, कंबर गेली, पण नोकरी पक्की. पर्यटकांले पायी पायी जंगल दाखवायचं, पक्षी-जनावरं ओळखून सांगायची. आई फोनवर रडून राह्यली होती, दिव्यानी वाघाच्या तोंडी चालली म्हणून. म्हटलं, आई, माह्या अंगावर आहे तरी काय, वाघाचा घास तरी होईन का?

सोमारीबाई इथली जुनी गाईड. साठीची, पण चालते अशी का माहा दम निघाला. वाटेत मोहाच्या झाडाखाली काड्यांचा ढीग आहे. तिच्या नवऱ्याले, सुकलूले, इथीच वाघानं नेलं. जाणारा-येणारा एक काडी ठेवते. मलेही ठेवाले लावली. पण घरच्यानं ठेवली, तवाच मेलेला माणूस त्या जागी कायमचा बसते, नाईतं फिरत राह्यते म्हणे. पुढं दोन गवे दिसले. लय मजा आली.

९ फेब्रुवारी
बाई वडशाले नाटक पाहाले गेली. आज वाट माह्या एकटीची! पाच पर्यटक, कडाक्याची थंडी, अन् चहाची फर्माईश. जंगलात आग पेटवाची मनाई आहे, पण धुक्यात वाळल्या काड्या आयत्याच सापडल्या. चहा फक्कड झाला.
राख पाहून ध्यानात आलं, ढीग कोणाचा होता.

१० फेब्रुवारी
बाई राखेजवळ बसून राह्यली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. एवढंच म्हणाली का सुकलू उठला, अन् ही जागा रिकामी राह्यत नाई. मी पाया पडली. नव्या काड्या रचल्या. वळून पाह्यलं तं एकही काडी नाई, नुसती राख.

१२ फेब्रुवारी
मागून काड्या मोडल्याचा आवाज येते. मी थांबली का थांबते. आज बाईनं जाता जाता माह्या पायाशी काडी ठेवली. काऊन विचारलं, तं ती पुढं निघून गेली. मले भेव वाटून राह्यलं.

१३ फेब्रुवारी
पळाली. बस धरली. वरोऱ्याच्या स्टँडवर उतरली — अन् समोर मोह. तीच वाट. तीच राख.

तारीख माहीत नाई
पर्यटक येतात. माह्या पायाशी काडी ठेवतात, पुढं जातात. बाई त्यांले सांगते, इथी आमच्या दिव्यानीले वाघानं नेलं. मी ओरडते. कोणाले ऐकू —
काड्या गुडघ्यापर्यंत आल्या. पण घरच्याची एकही नाई. अजून नाई.

आज
आई आली. वरोऱ्याहून, एकटी. बाई तिच्या हातात काडी देऊन राह्यली —
आई, घेऊ नको. मी तुह्या समोरच उभी आहो. आई, ठेवू न—