चिमट्यावरच्या खुणा

बदनापूर,
२ मार्च १९७६

प्रिय रामकिसन,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, माफ कर. शाळेच्या परीक्षा, घरातली दुखणी अशी कारणं सांगता येतील, पण ती खरी नव्हेत.

परभणीला बदलून जाताना तू मोटारसायकल माझ्याकडे ठेवलीस आणि बजावलंस, चेन-स्प्रॉकेट नवं टाक, पण कडूबा मिस्त्रीच्या हाती गाडी देऊ नकोस. म्हणून मीच गाडीचं पुस्तक उघडून बसलो. दोन रविवार खपून काम केलं. पण जालन्याच्या रस्त्यावर काटा चाळिसाच्या पुढं गेला की पावलांखालून अशी थरथर सुरू होई की दात वाजत. होळीला तू उषावहिनींना मागं बसवून हीच गाडी नेणार, म्हणून जिवाला घोर लागला. चेनचा ताण पुन्हा पाहिला. इंजिनाचे बोल्ट आवळले. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पट्टीनं मोजून जुळवल्या. सगळं बरोबर आणि थरथर तशीच.

त्यातच गेल्या आठवड्यात तुझं दुसरं पत्र आलं. कडूबानं तुमच्या वर्कशॉपात अर्ज केलाय, साहेब येत्या सोमवारी तुझं मत विचारणार आहेत. तू लिहिलंस, गाडी पाडून जो कबूल होत नाही, त्याच्या हाती ट्रॅक्टर कसे द्यायचे?

काल शेवटी गाडी कडूबाकडेच नेली. पुस्तकात काय लिहिलंय सर, एवढाच टोमणा त्यानं मारला. मग गवंडी धरतो तशी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली आणि उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला.

“खुणा बराबर हायेत सर, पण खुणा ज्याच्यावर हायेत तो चिमटाच वाकलाय. जुनी चेन ढिली व्हती, तिनं सांभाळून घेतलं. नवी न्हाई घेत. गाडी कव्हातरी जोरात पडलेली हाय. मी न्हाई पाडली.”

कोणी पाडली, हे त्यानं विचारलं नाही. सुतळी गुंडाळत राहिला.

दोन वर्षांपूर्वी जाफराबादच्या लग्नाला मी तुझी गाडी नेली होती, आठवतं? येताना बैलगाडीला चुकवताना खडीवर घसरलो आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. हँडल सरळ केलं, धूळ पुसली, तुला चावी दिली. तू ती लगेच सर्व्हिसिंगला दिलीस. आठवड्यानं कडूबाकडून आणलीस तेव्हा ती एका बाजूला ओढते असं तुला जाणवलं, आणि ‘मी न्हाई पाडली’ म्हणणाऱ्या कडूबाला त्याच्या दुकानापुढं चारचौघांत तू खोटारडा म्हणालास. मी शेजारीच उभा होतो. रोज डायरी लिहिणारा मी; काल त्या लग्नाच्या दिवसाचं पान काढून पाहिलं. ‘ऊन फार’ एवढंच लिहिलंय. गाडी मी पाडली, रामकिसन. सोमवारी साहेबांना हे सांग. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझाच,
वसंता

(वसंताच्या डायरीत, २ मार्च) उद्या: पोस्टात टाकण्याआधी रामकिसनचं पत्र कडूबाला वाचून दाखवणे.